बाहुलीचं प्रायश्चित्त

कुरिअरवाल्यांच्या शास्त्रात प्रत्येक वस्तूला दोन वजनं असतात. एक काट्यावरचं, दुसरं खोक्याचं. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, त्याला पाच हजारांनी भागायचं, की झाले किलो. दोन्हींतलं जे जास्त असेल त्याचे पैसे. चाळीस बाय पंचवीस बाय वीसचं खोकं या हिशेबाने चार किलो भरतं, मग आत बसलेल्या बाईसाहेब अर्ध्या किलोच्या का असेनात. उरलेली साडेतीन किलो नुसती हवा. ही हवा अमेरिकेत विमानात बसते, मुंबईला उतरते, धुळ्याला येते आणि पांझरा नदी ओलांडून आमच्या देवपुरात दाखल होते. देवपुरात हवेची टंचाई आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

हे सगळं मला माझ्या पुतणीमुळे कळलं. तिला बाहुल्या जमवण्याचा नाद आहे. लहानपणी नव्हता; नोकरी लागल्यावर लागला. यात हसण्यासारखं काही नाही. व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीच्या राजदूतांकडून एक बाहुली मिळाली आणि त्यातून दिल्लीत १९६५ साली बाहुल्यांचं अख्खं संग्रहालय उभं राहिलं. तेव्हा शंकर काही भातुकली खेळण्याच्या वयाचे नव्हते. पुतणीचा जीव बार्बीवर, त्यातही संग्राहकांसाठी काढलेल्या खास बार्बीवर. ‘‘खोकं काढून टाकायला सांग आणि फडक्यात गुंडाळून मागव, भाडं निम्म्यावर येईल,’’ असं मी सुचवलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सोवळ्यात चप्पल घालून शिरलो होतो.

खोकं उघडायचं नसतं. संग्राहकांच्या पंथातला हा पहिला नियम. कारखान्यातून निघालेली बाहुली खोक्यातच राहिली पाहिजे. खोक्याचा कोपरा दबता कामा नये, पुढच्या प्लास्टिकवर ओरखडा नको, ऊन नको, धूळ नको. कोणी हौसेने बाहेर काढून केस विंचरले, की बाहुली बाटली. तिची किंमत उतरते, आणि कुठल्याही तीर्थाच्या पाण्याने ती परत चढत नाही. माझ्या आत्याबाईंच्या सोवळ्याला ही पोरगी लहानपणापासून हसत आली आहे. आता तिच्या कपाटाला हात लावायचा तर आधी हात धुऊन कोरडे करावे लागतात.

भाड्यावर प्रकरण संपत नाही. बाहुली देशात शिरताना सरकार तिची किंमत काढतं, तेव्हा मूळ किमतीत वाहतूक आणि विमाही धरतं. म्हणजे आधी हवेचं भाडं द्यायचं, मग त्या भाड्याचा वाटा धरून शुल्क द्यायचं. शुल्कावर अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर पुन्हा जीएसटी. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० वर. घरगुती वापरासाठी एखादाच नग मागवला तर हिशेब निराळ्या शीर्षाखाली होतो, पण खिशाला शीर्ष कळत नाही. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकायच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली. ती सक्ती चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना. पुतणीच्या बाहुल्यांच्या खोक्यांवर मात्र त्या मोठ्या माणसांसाठी आहेत असं छापलेलं असतं. आता ज्याच्याशी मुलांनी खेळायचं नाही आणि मोठ्यांनी खोकं उघडायचं नाही, ते कुठल्या अर्थाने खेळणं, हे कस्टमच्या साहेबांनाच माहीत.

मला यात आपली जुनी रीत दिसते. समुद्र ओलांडणं पूर्वी पाप होतं. विलायतेहून परतलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, पंचगव्य प्यावं लागे, दक्षिणा द्यावी लागे, मगच पंगतीत पान मांडलं जाई. समुद्र न ओलांडताही भानगड होई. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनच्या बंगल्यावर टिळक, रानडे आणि बरीच मोठी मंडळी गेली असताना पाद्र्यांनी चहा पुढे केला. कोणी घेतला, कोणी हातात धरून बसलं. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी फार खट्याळ गृहस्थ. त्यांनी हजर मंडळींची नावं छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही पुढे घेतलं आणि सुधारक त्यांच्यावर रुसले. एका कपाची एवढी किंमत त्याआधी कोणी मोजली नसेल. आता माणसं बिनघोर समुद्र ओलांडतात. प्रायश्चित्त बाहुल्यांना पडतं, आणि दक्षिणा पोस्टमन किंवा कुरिअरवाला दारात मोजून घेतो. पावतीही देतो. धर्मपीठांच्या मानाने ही सुधारणाच म्हणायची.

तर पुतणीला एक बाहुली हवी होती आणि आत्याबाईंचा नातू अमेरिकेत होता. आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहीण. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद, एकादशा सगळ्या, शुक्रवारी एकवीरेचं दर्शन चुकत नाही. पार्सलचा आकडा ऐकून त्या आधी म्हणाल्या, ‘‘बाहुलीले इतला पैसा कोन देस व माय?’’ मग थोडा विचार करून त्यांनीच तोड सुचवली. नातवाने तिथे बाहुली विकत घ्यायची, पार्सलच्या चिठ्ठीवर ‘भेट’च्या चौकोनात खूण करायची आणि किमतीच्या जागी दहा डॉलर लिहायचं.

‘‘आत्याबाई, हे खोटं झालं ना?’’ मी विचारलं.

‘‘खोटं कसाले? कमी सांगनं शे.’’ आणि मी अजून पटलेलो नाही हे पाहून, ‘‘कस्टमवाला काय देव शे का?’’

या वाक्यावर मी बरेच दिवस घालवले आहेत. आत्याबाई देवाशी कधी खोटं बोलत नाहीत. उपवासाला चुकून साध्या मिठाची चव लागली तर पुढची एकादशी निर्जळी करतील. पण देवाच्या नियमांची यादी त्यांच्यापाशी तयार आहे आणि त्या यादीत सीमाशुल्क नाही. यादीत नाही ते पाप नाही. उलट पुतणी घरात दिवा लावत नाही, उपवास तिला जमत नाही, अंगारा लावला तर तोंड धुऊन येते. ती ठामपणे म्हणाली, ‘‘खरी किंमत लिहायची.’’ मला अभिमान वाटला. तो ओसरायच्या आत तिने पुढचं सांगितलं. पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीएवढीच मिळते. दहा डॉलर लिहिलं तर हातात दहा डॉलरच. मी जरा हिरमुसलो. तिच्या ते ध्यानात आलं असावं. म्हणाली, ‘‘काका, भरपाई नसती तरी खरंच लिहिलं असतं. पण कारण असलं तर आजीला सांगायला सोपं जातं.’’

भेटीची सवलत तशीही राहिली नव्हती. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू परदेशातून बिनशुल्क येई. मग परदेशी दुकानं ग्राहकाला विकलेला मालसुद्धा भेट म्हणून धाडू लागली. एवढी प्रेमळ दुकानं पाहून सरकारला संशय आला आणि डिसेंबर २०१९ मध्ये भेट म्हणून येणारी पार्सलं बंद झाली. पूर्ण शुल्क भरा आणि खुशाल भेट घ्या, असं ठरलं. अपवाद दोनच ठेवले. एक, जीव वाचवणारी औषधं. दुसरा, राखी. पण राखीसोबतच्या भेटवस्तू मात्र नाहीत, असं त्या अधिसूचनेत स्पष्ट नमूद आहे. सरकारी कागदावर इतकं बारीक धर्मशास्त्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही. बहिणीचा धागा पवित्र. त्याला चिकटून आलेलं चॉकलेट आयात. आत्याबाईंना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. राखीला सूट देणारं सरकार त्यांना एकदम ओळखीचं वाटलं. असे अपवाद त्यांच्याही यादीत आहेत.

त्यातला एक मी डोळ्यांनी पाहिला आहे. खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोटांसाठी गहू मोजून वेगळा दळायचा आणि ते रोट भाऊबंदांतच खाऊन संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, हा नियम. एका वर्षी ऐन जेवणाच्या वेळी दूधवाल्याचा मुलगा पैसे मागायला आला. घरभर पुरणाचा वास. पोरगं पायरीवर उभं राहून आत बघत होतं, आणि ज्याला पंगतीतून असं बघणारं पोर दिसलं आहे त्याला घास गिळणं किती अवघड होतं ते माहीत असेल. पुतणी उठलीच ताट घेऊन. आत्याबाईंनी तिला हाताने बसवलं. मला वाटलं, आता घरात महाभारत. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. रोजच्या डब्यातलं पीठ काढलं, वेगळ्या परातीत कणीक मळली, डाळ-गुळाचं पुरण त्यांनी आधीच थोडं निराळं काढून ठेवलेलं होतं, ते भरून दोन पोळ्या लाटल्या, तूप सोडलं आणि पोराला पाटावर बसवून वाढलं. नियम जागच्या जागी राहिला, पोर जेवलं. एवढं होईपर्यंत आमच्या ताटातलं सगळं गार झालं, पण जेवायला सुरुवात करायची कोणाची हिंमत झाली नाही. निराळं पुरण आधीच का काढलं होतं, हे विचारल्यावर म्हणाल्या, ‘‘दर साल कोनी ना कोनी येसच.’’

सॉक्रेटिसला युथिफ्रो नावाचा एक माणूस भेटला होता. तो स्वतःच्या बापावर खुनाचा खटला भरायला निघाला होता. त्यांच्या एका मजुराने दारूच्या भरात घरच्या गुलामाला मारलं. बापाने मजुराचे हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं आणि आता याचं काय करावं, हे धर्माधिकाऱ्याला विचारायला माणूस अथेन्सला पाठवला. उत्तर येईपर्यंत मजूर थंडीने आणि भुकेने मेला. सॉक्रेटिसने युथिफ्रोला गाठून विचारलं, की देवांना आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवांना आवडतं? तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक अजून त्यावर पेपर काढतात. मला मात्र त्या बापाचं नवल वाटतं. शास्त्र विचारायला माणूस धाडला यात काही गैर नाही. पण उत्तर यायच्या आत खड्ड्यातल्या माणसाला भाकर-पाणी द्यायला कुठल्या शास्त्राने मना केलं होतं? आत्याबाईंनी दिलं असतं. वेगळ्या पिठाची दिली असती, पण दिली असती.

आमच्या देवपूरची एकवीरा म्हणजे रेणुका, परशुरामाची आई, असं इथे सगळे मानतात. पांझरेच्या काठी देऊळ आहे. चैत्रात यात्रा भरते, पोरांची जावळं निघतात. रेणुकेची कथा ऐकत आम्ही मोठे झालो. जमदग्नींनी मुलांना आईचा शिरच्छेद करायला सांगितलं. चार थोरल्यांनी ऐकलं नाही, त्यांना शाप मिळाला. धाकट्याने परशू उचलला. कीर्तनकार इथे आज्ञापालनावर घसा कोरडा करतात आणि पुढचा भाग भरभर उरकतात. पुढचा भाग असा, की बाप प्रसन्न होऊन वर माग म्हणाला तेव्हा परशुरामाने पहिल्यांदा आईच परत मागितली. तिला हे काही आठवू नये हे मागितलं, भाऊ पूर्ववत व्हावेत हे मागितलं. म्हणजे आज्ञा पाळल्याचं बक्षीस आज्ञेचा परिणाम पुसण्यात खर्च केलं. मग भावांचं काय चुकलं होतं? आणि खानदेशातल्या बायकांनी आपलं मत कधीच देऊन टाकलं आहे. जावळ घेऊन त्या जमदग्नीकडे जात नाहीत, आईकडे जातात.

याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो उतरवून घेतला. त्याच गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला आधी सांगतो, की माझं सगळं सांगून झालं, आता नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर. हा त्रेसष्टावा श्लोक. सहासष्टाव्यात सांगतो, की सगळं सोडून मला एकट्याला शरण ये. पुतणी एक सांगते, आत्याबाई दुसरा. मधलं अंतर दोन श्लोकांचं आणि आमच्या घरातलं जेवणाच्या टेबलाएवढं. साने गुरुजींनी यातून काय घेतलं ते त्यांनी मे १९४७ मध्ये दाखवलं. पंढरपूरचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून अमळनेरचा हा जुना शिक्षक विठ्ठलाच्याच गावात उपोषणाला बसला. देवाला मानणारा माणूस देवाच्या दारातल्या नियमाशी भांडला, आणि देऊळ उघडलं.

बाहुल्यांच्या नशिबातही असे प्रसंग आले आहेत. अमेरिकेने १९२४ साली कायदा करून जपानी माणसांचं येणं बंद केलं. जपानात बरीच वर्षं काढलेले सिडनी गुलिक नावाचे एक मिशनरी होते, त्यांना हे फार लागलं. माणसांना बंदी तर बाहुल्या तरी पाठवू, म्हणून त्यांनी शाळाशाळांतून बाहुल्या जमवल्या आणि १९२७ साली बारा हजारांहून जास्त बाहुल्या आगबोटीने जपानला गेल्या. त्याच वर्षी आमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ निघालं, म्हणून साल लक्षात राहतं. प्रत्येक बाहुलीपाशी तिचा स्वतःचा पासपोर्ट होता. जपानने उलट अठ्ठावन्न थोरल्या, नटव्या बाहुल्या धाडल्या. मग युद्ध आलं आणि निळ्या डोळ्यांच्या त्या बाहुल्या शत्रू ठरल्या. जाळा, फोडा, असं वरून सांगणं आलं. बहुतेक शाळांनी ऐकलं. काही मास्तरांनी आणि बाईंनी नाही ऐकलं. त्यांनी बाहुल्या माळ्यावर, फडताळामागे दडवल्या. आज त्यातल्या तीनशेच्या आसपास शिल्लक आहेत. मी पुतणीला म्हटलं, की यातली एकही तुझ्या पंथात बसणार नाही. खोकी केव्हाच गेली, केस विस्कटले, पोरांनी हाताळल्या. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, ‘‘अशी एक मिळाली तर बाकीच्या सगळ्या देऊन टाकीन.’’

जाळण्यावरून आठवलं. २०२५ मध्ये लाबुबू नावाच्या दातऱ्या बाहुलीचं वेड जगभर पसरलं. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या, नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराने उत्तर युरोपातल्या दंतकथांवरून ते ध्यान काढलं. मग कोणीतरी उठवलं की हा बॅबिलोनकडचा पझुझू राक्षस आहे, आणि लोकांनी हौसेने महाग घेतलेल्या बाहुल्या जाळायला काढल्या. आमच्याकडे शेजारच्या मुलीने एक आणली होती. आत्याबाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मी श्वास रोखून. त्या म्हणाल्या, ‘‘दात बरे सेतस. आते कोनी नजर लावाव नही.’’ आणि परत दिली. ज्यांच्या दारावर काळी बाहुली टांगलेली असते त्यांना बॅबिलोनचा राक्षस काय घाबरवणार?

पुतणीच्या बाहुल्यांवर आत्याबाईंचा आक्षेप वेगळाच आहे. त्यांच्या लहानपणीच्या बाहुल्या म्हणजे गुलाबाई आणि गुलोजी. जळगावाकडे भुलाबाई म्हणतात. भाद्रपदातल्या पौर्णिमेला मातीची जोडी बाजारातून आणायची, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुलींनी गाणी म्हणायची, डब्यात कोणता खाऊ आहे तो ओळखायचा, आणि शेवटी पाण्यात सोडायची. वाहतूक खर्च कुंभाराच्या घरापासून आपल्या घरापर्यंत. पुतणीच्या कपाटापुढे उभ्या राहून आत्याबाईंनी एकदा विचारलं, ‘‘हिनं लगीन नही, इसर्जन नही. मंग करनं काय?’’ पुतणीला उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलेलं नाही.

बाहुली शेवटी आली. नातवाने खरी किंमत लिहिली, कारण पुतणीने त्याला दोनदा फोन केला. पैसे दारात मोजले गेले. बाहुलीच्या किमतीइतकेच भाड्यात आणि शुल्कात गेले. आत्याबाईंनी पावती चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि देवघराच्या खणात, एकवीरेच्या अभिषेकाच्या पावत्यांसोबत ठेवून दिली. तिथे का, असं मी विचारलं नाही.

आता अमेरिकेतल्या, पुण्यातल्या आणि इतर ठिकाणच्या नातलगांना एवढंच सांगणं आहे. राखी पाठवा, ती बिनशुल्क येते. भेटी पाठवायच्या तर किंमत खरी लिहा, पुतणी तपासते. आणि श्रावणात रोटांच्या रविवारी कोणी देवपुरात येणार असाल, तर आदल्या दिवशी कळवा. कणीक वेगळी मळावी लागते.